साध्या जेवणामागचं वर्ष

अलिबागहून मुरूडकडे निघालं, की रेवदंड्याला कुंडलिकेची खाडी ओलांडल्यापासून रस्त्याच्या कडेला एकच पाटी पुन्हा पुन्हा दिसू लागते : ‘घरगुती जेवण मिळेल’. कुठे ती पत्र्यावर रंगवलेली असते, कुठे फ्लेक्सवर छापलेली, तर कुठे नारळाच्या खोडाला ठोकलेली. कोर्लई, बोर्ली, बारशिव मागे टाकत काशीदला पोचेपर्यंत या पाट्या दाट होत जातात. अलिबागपासून सुमारे ३० किलोमीटरवरचं हे गाव. समोर पांढऱ्या वाळूचा लांबलचक किनारा आणि सुरूची झाडं, पाठीशी फणसाड अभयारण्याचं जंगल, आणि या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत भातखाचरं, वाड्या आणि घरं.

संपादकांनी यंदा विषय दिला तो ‘नव्या संसाराचं स्वयंपाकघर’. नवरा-बायको दोघंही कामाला, पदरात एक-दोन लहान मुलं, वेळ कमी आणि राबणारे हात त्याहून कमी. अशा घरात साधं, घरचं, पोटभर अन्न रोज कसं शिजतं ते जाऊन बघा, असं त्यांनी सुचवलं. त्यासाठी मी काशीद निवडलं. ‘घरगुती’ हीच ज्या गावाची कमाई झाली आहे, तिथल्या तरुण आईबापांच्या आणि त्यांच्या मुलांच्या ताटात काय पडतं, हे मला बघायचं होतं.

बघितल्यावर जे मनात पक्कं बसलं ते आधीच सांगते. काशीदच्या घरांतलं रोजचं जेवण खरोखर सोपं आहे. तासाभरात चूल थंड होते. पण त्या तासामागे अख्खं वर्ष उभं असतं. तो सोपेपणा कुणीतरी मे महिन्यात उन्हात बसून कमावलेला असतो. नव्या संसाराला पाककृतींपेक्षा या आधीच्या कामाची ओळख जास्त हवी आहे.

रविवार उलटा येतो

काशीदचा आठवडा शहराच्या उलट चालतो. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. किनाऱ्यावरच्या टपऱ्यांवर चहा, भजी, भुर्जी-पाव आणि शहाळ्यांना उसंत नसते, आणि ज्यांच्या घरी पाहुण्यांना खोल्या आहेत त्यांच्याकडे सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या सुरमईच्या ताटापर्यंत आच बंद होत नाही. शाळेला सुट्टी नेमकी त्याच दिवशी. म्हणजे मुलं घरी असतात तेव्हाच आईबाप सगळ्यात जास्त गुंतलेले असतात.

अशा घरांत मुलांच्या रविवारच्या खाण्याची सोय शनिवारी रात्रीच लागलेली असते. घावनाचं पीठ हा त्यातला हुकमी एक्का. तांदूळ भिजवून वाटलेले असोत की नुसतं तांदळाचं पीठ ताकापेक्षा पातळ कालवलेलं असो, त्याला ना आंबवण लागतं ना सोडा. बिडाचा तवा चांगला तापला, की बाहेरून आत पीठ ओतायचं, झाकण ठेवायचं, आणि कडा सुटल्या की काढायचं. दहा-बारा वर्षांची मुलगी मोठ्यांच्या नजरेसमोर स्वतःसाठी आणि धाकट्या भावासाठी चार घावन सहज काढते. सोबत ओलं खोबरं आणि गूळ, नाहीतर कालची उसळ. दुसरी सोय दडपे पोह्यांची. पातळ पोहे, खवलेला नारळ, बारीक चिरलेला कांदा, मीठ-साखर आणि लिंबू कालवून झाकून ठेवायचं. नारळाच्या ओलाव्यावर पोहे आपले आपण मऊ पडतात. आच लागते ती फक्त वरच्या फोडणीला, आणि तीही नसली तरी चालतं. तिसरी सोय उकडलेल्या अंड्यांची, मागच्या अंगणात कोंबड्या असल्या तर घरचीच.

टपरीवर पाकिटातल्या शेवया उकळत असतात. पोरं त्या मागतात आणि कधीमधी त्यांना मिळतातही. ती रोजची सवय होऊ द्यायची नसेल, तर भूक लागायच्या आधी घरात काहीतरी तयार असायला हवं. पोराला भूक लागल्यावर स्वयंपाक सुरू केला, तर पाकीटच जिंकतं. काशीदच्या आयांना हा हिशेब तोंडपाठ आहे.

आगोट

पावसाआधीच्या दिवसांना इथे आगोट म्हणतात. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या सरीपर्यंत या पट्ट्यातल्या प्रत्येक अंगणात काही ना काही वाळत असतं. पूर्वी पावसाळ्यात रस्ते बंद, होड्या बंद आणि बाजार लांब, त्यामुळे चार महिन्यांची बेगमी करणं भागच होतं. आज किराणा दुकान दारात आहे. तरीही आगोट टिकली आहे, कारण तिच्यामुळे पुढचं वर्षभर रोजचा वेळ वाचतो.

मिरच्या आणि धणे ऊन खाऊन कडकडीत झाले, की मसाला डंकावर कुटून आणायचा. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, आणि खड्या मसाल्याचं प्रमाण घरागणिक वेगळं. हा एक डबा भरला, की वर्षभर माशाला, उसळीला, सुकटीला दुसरा मसाला शोधावा लागत नाही. कोकमाची फळं फोडून, सालींना मीठ लावून भरून ठेवली, की त्यांना सुटलेल्या लालभडक रसाचं आगळ होतं. त्याच सालींना रसाची पुटं देत पुन्हा पुन्हा उन्हात वाळवलं, की आमसुलं. कैरीच्या फोडी वाळवून आंबोशी. फणसाच्या आठळ्या वाळवून मातीत घोळून ठेवलेल्या. शेतातून आलेले कडवे वाल खडखडीत वाळवून डब्यात. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळे-कार्ले भागातून आलेल्या पांढऱ्या कांद्याच्या माळा वाशाला टांगलेल्या. या कांद्याला २०२२मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भात निघाल्यावर त्याच खाचरात तो लावतात. पातीची वेणी घालून टांगला, की हवा खेळती राहते आणि कांदा सडत नाही.

आणि मासे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि जुन्या रीतीने नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. त्या दिवसांची सोय म्हणून कोर्लई, बोर्ली, मुरूडजवळचं एकदरा अशा कोळीवाड्यांतून उन्हाळ्यात सुकी मासळी घराघरांत पोचते. बांबूच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून वाळवलेले बोंबील, सुकवलेला जवळा, सोललेल्या कोलंबीचे सोडे, वाकट्या. घरी आणल्यावर त्यांना आणखी दोन उन्हं द्यायची, पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मगच डबा बंद करायचा. ही गार होऊ देण्याची पायरी नवी सून हमखास चुकते, असं सासवा सांगतात. ऊन घेतलेली गरम वस्तू डब्यात भरली, की झाकणाला आतून वाफ धरते आणि दमटपणा आत कोंडतो. मग श्रावण यायच्या आत बुरशी.

या सगळ्या वाळवणाला जागा लागते, ऊन लागतं, आणि कावळ्या-कोंबड्यांना हाकलायला माणूस लागतं. ते माणूस बहुतेक घरांत आजी किंवा आजोबा. ज्या नव्या जोडप्याच्या घरी वडीलधारं कुणी नाही, त्यांच्या वाळवणाची राखण शेजार करतो, आणि त्या बदल्यात शेजारच्या घरचा मसाला यांच्या दुचाकीवरून डंकावर जातो. पैशाची देवघेव नाही, पण हिशेब दोन्ही बाजूंना पक्का ठाऊक असतो.

उकड, सुकट आणि पाऊण तास

आता एका घरातला रात्रीचा स्वयंपाक जवळून बघू. नवरा किनाऱ्यावरची टपरी आवरून परतायचा आहे, मुलगा पडवीत गृहपाठ करतोय, धाकटी वर्षाची, आजीच्या मांडीवर. बेत आहे तांदळाच्या भाकऱ्या, सुकट आणि सोलकढी.

आधी उकड. वाटीभर पिठाला वाटीभर पाणी, त्यात किंचित मीठ. पाणी खळखळून उकळलं, की आच बारीक करून पीठ एकदम ओतायचं, उलथण्याच्या दांड्याने मधोमध भोक पाडायचं आणि झाकण ठेवून मिनिट-दोन मिनिटं वाफ येऊ द्यायची. गव्हाच्या पिठात ताण धरणारा चिकटपणा असतो, तो तांदळात अजिबात नाही. गार पाण्यात मळलेलं तांदळाचं पीठ थापताना चिरत जातं. उकळतं पाणी मिळालं, की पिठातला स्टार्च फुगतो, एकमेकाला धरतो आणि गोळ्याला अंग येतं. म्हणून उकड गरम असतानाच मळायची. परातीत काढून, गार पाण्यात बोटं बुडवत, आधी वाटीच्या बुडाने रगडायची आणि मग तळहाताने. कड न फाटता गोळा दाबला गेला, की उकड झाली. मग पिठावर थापायची, तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची, आणि शेवटी थेट आचेवर धरून फुगवायची.

भाकरी तव्यावर असताना दुसऱ्या शेगडीवर सुकट. जवळा आधी कोरडाच मंद आचेवर भाजायचा. कुरकुरीत झाला, की चाळणीत घालून हाताने हलकं चोळायचं. मिशा, पाय आणि वाळूची कच खाली पडते. मग दोन पाण्यांतून झटकन धुवायचा आणि घट्ट पिळायचा. तेलात ठेचलेला लसूण, भरपूर कांदा, घरचा मसाला, हळद. कांदा मऊ झाला, की जवळा आणि दोन आमसुलं, दिवस कैरीचे असतील तर कैरीचे तुकडे. झाकण ठेवून पाच मिनिटं. मीठ सगळ्यात शेवटी आणि चाखूनच, कारण मासळी किती खारी आहे ते चाखल्याशिवाय कळत नाही.

सोलकढीला आचच नको. नारळाचं दूध, चमचा-दोन चमचे आगळ, लसणाची एक पाकळी, हिरवी मिरची, मीठ, कोथिंबीर. नारळ सकाळीच खवून ठेवलेला असतो. तो वाटून पिळण्याचं काम नवऱ्याचं. आल्या आल्या हातपाय धुऊन तो पाट्याजवळ बसतो, कारण टपरीवर दिवसभर शहाळी फोडणाऱ्या हाताला नारळाची सवय असतेच.

सगळं मिळून पाऊण तास. या पाऊण तासात बाजारहाट नाही, मसाला भाजणं नाही, मासा साफ करणं नाही. ती कामं वर्षाच्या दुसऱ्या कोपऱ्यात कधीच उरकलेली आहेत.

बाळाचा पहिला घास

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध आणि त्यानंतर दुधाच्या जोडीला वरचं अन्न, हे आता अंगणवाडीपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे सांगितलं जातं. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि गावातल्या बहुतेक तरुण आया स्वतः अंगणवाडीतला खाऊ खाऊन वाढल्या आहेत. खरा प्रश्न पुढचा. वरचं अन्न म्हणजे नेमकं काय, आणि ते रोज कसं जमवायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांच्या आहाराबद्दल नवी मार्गदर्शक सूचना काढली. रोज मासा, अंडं किंवा मांस यांपैकी काहीतरी, रोज भाजी-फळं, आणि कडधान्यं वारंवार, असा तिचा आशय आहे. भारतात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या वयाच्या दर १०० मुलांपैकी जेमतेम ११ मुलांना पुरेसा आहार मिळत असल्याचं दिसलं होतं. गरिबी हे त्याचं मोठं कारण आहे. पण घरात असलेलं अन्न बाळासाठी वेगळं काढायला वेळ आणि माणूस नसणं, हेही एक कारण मला घरोघरी दिसतं.

किनाऱ्यावरच्या घरांत हे वेगळं काढणं सोपं करून ठेवलं आहे. बाळाचं वेगळं रांधायचं नाही. मोठ्यांच्याच जेवणातून तिखट-मीठ पडायच्या आधी बाळाचा वाटा काढायचा. भाताच्या पातेल्यातला पळीभर भात जास्त पाणी घालून मऊ शिजवायचा आणि वरणाची डाळ फोडणीआधी काढून घ्यायची. रस्सा करताना माशाचा एक तुकडा बिनमसाल्याचा, नुसत्या हळदीच्या पाण्यात शिजवायचा. मुलांसाठी पापलेट किंवा मुडदुशी बरी मानतात. मुडदुशी पचायला हलकी म्हणून आजाऱ्यालाही देतात. काटे काढण्याची रीत ठरलेली आहे. मासा ताटात पसरायचा, बोटांच्या चिमटीत एकेक पाकळी दाबून बघायची, आणि मगच भातात कालवायची. डोळ्याला न दिसणारा काटा बोटाला लागतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ-साखर नको आणि मध तर अजिबात नको, कारण मधातून होऊ शकणारी जंतुबाधा तान्ह्या बाळाला झेपत नाही. आजीने बोटावरचा मध चाटवायचा म्हटलं, तर आता सूनबाई हळूच पण ठामपणे हात धरते.

नाचणीची पेज ही दुसरी जमेची बाजू. फणसाडच्या कडेच्या आदिवासी वाड्यांतून नाचणी येते, नाहीतर मुरूड-रेवदंड्याच्या बाजारात मिळते. ती रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची आणि दळून चाळायची. मोड आणण्यामागे पक्कं कारण आहे. मोड येताना दाण्यात स्टार्च तोडणारं द्रव्य तयार होतं, त्यामुळे शिजवलेली पेज कमी घट्ट होते. बाळाचं पोट मुठीएवढं. बिनमोडाच्या पिठाची पेज गिळता येण्याइतकी पातळ करायची, तर तीत पीठ कमी आणि पाणीच जास्त जातं. मोडाच्या पिठाची पेज तेवढीच पातळ ठेवूनही तीत दाणा जास्त मावतो. शिवाय १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. सडलेल्या तांदळात ते १० मिलीग्रॅमही नसतं. एकदा किलोभर पीठ करून ठेवलं, की महिनाभर सकाळचा प्रश्न मिटतो.

बाळंतिणीचाही वाटा असाच ठरलेला. मोरीचा रस्सा, अळिवाचे लाडू, लसणाची फोडणी दिलेली मेथी. हे बनवणाऱ्या सासवा-आयांना पोषणाचे आकडे ठाऊक नसतील, पण बाळंतिणीला पहिलं ताट वाढायचं, हे त्यांनी सोडलेलं नाही. चाळीस दिवसांनंतर ते ताट पुन्हा शेवटचं होतं, आणि तिथेच खरी काळजी घ्यायला हवी. अंगावर पाजणाऱ्या बाईची भूक सव्वा महिन्याने संपत नाही.

परसातलं आणि पडवीतलं

काशीदच्या घरांत घरकामाच्या पुष्कळ लहानसहान युक्त्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच पावसाशी झुंजताना सुचलेल्या आहेत. चार महिने कपडे वाळत नाहीत. लंगोट-दुपटी वाळवण्यासाठी पडवीत छताजवळ बांबू आडवे टांगतात. मागच्या पडवीत अंघोळीचं पाणी तापवायची चूल पेटती असते, तिची ऊब तिथवर जाते. दुपट्यांना धुराचा वास लागू नये म्हणून बांबू चुलीच्या थेट वर न टांगता हातभर बाजूला घेतात. चुलीला सोडणं, करवंट्या आणि सुक्या झावळ्या. स्वयंपाकाला गॅस आणि पाण्याला चूल अशी वाटणी केली, की सिलिंडर जास्त दिवस पुरतो.

नारळाचं तर काहीच वाया जात नाही. झावळ्यांचे झाप विणून पडवीला पावसाची झड अडवतात, हिरांचा खराटा करतात. भांडी घासलेलं पाणी अळवाला आणि केळीला. अळू, कढीपत्ता, ओली हळद, शेवगा, लिंबू आणि पपई ही परसातली सहा झाडं असली, की भाजीवाला आला नाही तरी आठवडा अडत नाही. हळदीच्या पानांत गौरीला पातोळे होतात आणि तीच पानं एरवी भाकरीखाली अंथरायला.

पावसात रानभाज्या येतात. टाकळा, कुर्डू, शेवळं, भारंगी, कंटोळी. वाड्यांवरच्या बायका वाटे मांडून रस्त्याकडेला बसतात. शेवळाबरोबर काकडं किंवा चिंच-कोकम घातलं नाही तर घसा खाजतो, हे त्याच सांगतात, आणि नव्या गिऱ्हाइकाला काकडं वाट्याबरोबरच देतात. नव्या संसाराने या बायकांशी ओळख ठेवावी. त्यांच्याकडे आठवड्याचा बेत तयार मिळतो.

आणि वाल. भाताच्या कापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर, वेगळं पाणी न देता, रायगडात वाल येतो. थंडीत ओल्या शेंगांची पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, मीठ-ओवा आणि भोवती जाळ. उरलेल्या वालाचं वर्षभर बिरडं. वाल रात्री भिजवायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सालं काढायची. सोलणं हे वेळखाऊ काम, म्हणून ते मुलांकडे. अभ्यासानंतर सगळी भोवती बसतात, दोन बोटांत दाबलं की डाळिंबी टुणकन उडते, आणि खेळता खेळता वाटीभर सोलून होतात. पाच वर्षांच्या मुलालाही घरच्या जेवणात आपला हात लागल्याचं समाधान मिळतं, आणि आपण सोललेलं बिरडं पोरं नाक न मुरडता खातात.

३ जून २०२०

निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला याच किनाऱ्यावर धडकलं ते ३ जून २०२० रोजी दुपारी. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा आणि त्याहून जोरकस झोत. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे-कौलं उडाली, आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. टाळेबंदीमुळे पर्यटक मार्चपासूनच नव्हते. म्हणजे कमाई आधीच थांबलेली, वर छप्पर गेलेलं.

त्या दिवसांत काय खाल्लं, असं विचारलं तर उत्तर सगळीकडे सारखंच मिळतं. भात, पेज, वाल, सुकट, आमसुलाचं सार. फ्रीजमध्ये ठेवलेलं सगळं वाया गेलं. आगोटीचं जे भिजलं नाही, ते उपयोगी पडलं. वादळ नेमकं आगोटीच्या शेवटी आलं होतं, डबे नुकतेच भरले होते. ज्यांचे डबे माळ्यावर होते आणि छप्पर उडालं, त्यांचं मात्र सगळं गेलं. तेव्हापासून काही घरांनी सुका शिधा दोन ठिकाणी विभागून ठेवायची सवय लावून घेतली आहे. अर्धा माळ्यावर, अर्धा खाली लाकडी पेटीत. पुढच्याच वर्षी, २०२१च्या जुलैत, अतिवृष्टीत काशीदजवळचा जुना पूल कोसळला आणि अलिबाग-मुरूड रस्ता तुटला, तेव्हाही हीच सवय कामाला आली.

लहान मूल असलेल्या घराने पंधरा दिवसांचा असा शिधा नेहमी बाजूला ठेवावा, ज्याला ना फ्रीज लागतो ना मिक्सर. तांदूळ, मूगडाळ, मोडाचं नाचणीपीठ, मेतकूट, गूळ, मीठ, आमसुलं आणि पाणी उकळायची सोय. ही सूचना शहरालाही तितकीच लागू आहे. तिथेही पाणी तुंबतं आणि वीज जाते.

शहरातल्या घरासाठी पाच डबे

अंगण नाही, आजी गावाला, दोघांची नोकरी. अशा पनवेल-पुण्याच्या घराला काशीदचं काय घेता येईल? माझ्या मते पाच डबे.

पहिला डबा वाटणाचा. कांदा आणि सुकं खोबरं खरपूस भाजून, थोड्या आल्या-लसणाबरोबर वाटायचं आणि बर्फाच्या साच्यात गोठवायचं. एक खडा टाकला, की उसळ, रस्सा, अंड्याची आमटी, काहीही उभं राहतं. दुसरा पिठाचा, तांदळाचं आणि मोडाच्या नाचणीचं. तिसरा मोड आलेल्या कडधान्याचा. रविवारी भिजवलेले मूग-मटकी-वाल मंगळवारपासून शनिवारपर्यंत शीतकपाटात टिकतात. चौथा आंबटाचा, म्हणजे आगळ नाहीतर आमसुलं. आंबट हाताशी असलं, की साधी डाळसुद्धा सार होते. पाचवा सुक्याचा. मासे खाणाऱ्यांकडे भाजून-चाळून ठेवलेला जवळा, न खाणाऱ्यांकडे मेतकूट आणि लसणाची चटणी.

या पाच डब्यांचं महत्त्व असं, की भाजी संपली तरी जेवण अडत नाही, आणि घरातलं कुणीही ते शिजवू शकतं. दर आठवड्याला नवी पाककृती शोधण्यात तरुण आया दमून जातात. खरं तर मुलांना नवलाईपेक्षा ओळखीची चव जास्त आवडते.

कुणाचे हात?

शेवटी प्रश्न हातांचा आहे. २०१९च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. काशीदला हा फरक एका वेगळ्या रूपात दिसतो. किनाऱ्यावर पन्नास माणसांची भुर्जी लीलया परतणारा तरुण घरी आला, की चुलीपासून लांब बसतो. हात तेच, कसब तेच. समुद्रावर त्या कामाचे पैसे मिळतात, घरात मिळत नाहीत, एवढाच फरक.

पण चित्र बदलतंय. वर सांगितलेल्या घरातला नवरा नारळ वाटून पिळतो आणि मासा तोच साफ करतो. दुसऱ्या एका घरात सोमवार नवऱ्याचा. पाहुणे गेले, की सोमवारचा सगळा स्वयंपाक त्याचा, आणि त्या दिवशी बायको बचत गटाच्या बैठकीला जाते. गटातल्या बायकांनी मसाला आणि पापड एकत्र करायला घेतल्यापासून प्रत्येकीच्या घरची आगोट अर्ध्या वेळात उरकते. एकटीने चार दिवस राबण्यापेक्षा दहाजणींनी एक दिवस बसणं, हा शोध काही नवा नाही. एकत्र कुटुंबं विरली तेव्हा तो हातून निसटला होता, आता शेजाराने आणि गटाने तो परत मिळवला आहे.

दिवाळीच्या सुमाराला काशीदच्या खाचरांत भात कापणीला येतं. नव्या भाताचे पोहे नरकचतुर्दशीच्या सकाळी अनेक घरांत होतात. दुधातले, गुळातले, ताकातले, फोडणीचे. तळणीच्या फराळाआधी पहिला मान त्यांचा. करायला सोपे, लहान मुलांनाही चालणारे आणि सगळ्यांनी मिळून करण्याजोगे. ज्या नव्या घरात यंदा फराळाचं दडपण आलं असेल, त्यांनी पोह्यांचे दोन प्रकार, एक लाडू आणि एक चिवडा एवढ्यावर दिवाळी करावी. करंजी-चकली ज्या शेजारणीला छान जमते तिच्याकडून घ्यावी आणि आपला चिवडा तिला द्यावा.

आणि पाडव्याला आणखी एक काम करावं. पुढच्या वर्षीची दिनदर्शिका भिंतीवर लागेल, तेव्हा तिच्या एप्रिल-मेच्या पानांवर मसाला, कोकम, कडधान्यं, पिठं ही कामं आत्ताच मांडून ठेवावीत, आणि प्रत्येक कामापुढे एक नाव लिहावं. बायकोचं, नवऱ्याचं, सासऱ्यांचं, शेजारच्या ताईंचं, सोलायच्या वालापुढे मुलांचं. काम दिसलं की वाटता येतं. वाटलं गेलं, तर जूनपासून रोजचा पाऊण तास पुरतो, आणि उरलेल्या संध्याकाळी आईबाप आपल्या पोरांबरोबर पंगतीत बसून गरम भाकरी खाऊ शकतात.